रक्ताचा कस

द्वारका, नवी दिल्ली

प्रिय रसिका,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, तर आधीच सांगते, मी बरी आहे. जेवते, झोपते, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडते. फोनवर का नाही बोललीस, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मी 'हॅलो' म्हणायच्या आधी तुझं 'आई, मार्कर किती आला?' असतं. आकडा सांगितला की बंगळूरहून एक मोठा श्वास ऐकू येतो, मग 'ओके, गुड, बाकी सब ठीक?' आणि ते 'बाकी सब' सांगायला मी तोंड उघडते तोवर तुझी मीटिंग सुरू झालेली असते. रागावून लिहीत नाही गं. तू घाबरतेस म्हणून आकडा विचारतेस, हे मला कळतं. पण ऑपरेशननंतरच्या या दोन वर्षांत माझ्या आयुष्यात रक्ताखेरीजही बरंच काही घडलंय, आणि ते आता 'बाकी सब'मध्ये मावेनासं झालंय. एखादा मराठी शब्द अडला तर अंदाजाने पुढे जा. तू शाळेत हिंदीत पहिली यायचीस तेव्हाच मला हा धोका ओळखता आला असता.

सुरुवात तुला माहीत आहे, पण ती मी तुला जरा सभ्य करून सांगितली होती. खरं असं झालं की इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला प्रणिता मला सगळ्यांसमोर म्हणाली, "वैजू, काय तेज आलंय गं तुझ्या चेहऱ्यावर! लावतेस तरी काय?" मी आपली फुशारून म्हणाले, साय आणि डाळीचं पीठ. दोघी-तिघींनी प्रमाण विचारून घेतलं. अंगाला खाज सुटत होती, ती मी दिल्लीच्या थंडीवर आणि लोकरीच्या स्वेटरवर ढकलली होती. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या मिसेस अरोरा माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आंटीजी, आपकी तो आँखें भी पीली हैं." तेव्हा कळलं की ते तेज नव्हतं, कावीळ होती. प्रणिताने अजून डाळीचं पीठ सोडलेलं नाही.

मग पित्ताच्या नळीतला कॅन्सर, तू रजा टाकून आलीस, ते सगळं. तू बाहेर औषधं आणायला गेली होतीस तेव्हा सर्जननी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. ही यकृतातून आतड्याकडे जाणारी नळी, इथे अडथळा, एवढी नळी काढायची, यकृताचाही एक तुकडा काढायचा आणि खालचं आतडं वर ओढून जोडायचं. मला आपल्या बाथरूमचा प्लंबर आठवला. त्यानेही असंच सुंदर चित्र काढलं होतं आणि पुढे कित्येक महिने खालच्या फ्लॅटचं छत ठिबकत होतं. मी विचारलं, "डॉक्टरसाब, लीक तो नहीं होगा?" मला वाटलं ते हसतील. ते अजिबात हसले नाहीत. "उसी का तो डर रहता है," म्हणाले. त्या क्षणी माझा त्यांच्यावर विश्वास बसला. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात आयुष्यभर खोल्यांचं आरक्षण सांभाळलं मी. 'काही काळजी करू नका' म्हणणारा माणूस आणि खरं सांगणारा माणूस यांतला फरक मला लांबून कळतो.

तू परत गेलीस आणि माझ्या तपासणीच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे मला डॉक्टर ऋग्वेद भेटला. नागपूरचा, सर्जनच्या हाताखाली शिकणारा, उंच आणि लाजाळू. त्याचा एक अभ्यास चालू होता. या ऑपरेशनच्या आधीच्या साध्या रक्ततपासणीवरून, पुढे कुणाचं कसं होईल याचा अंदाज येतो का, हे तो बघत होता. माझी सही घ्यायला आला तेव्हा त्याने मला समजावलं, आणि मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत दोन जाती महत्त्वाच्या. एक, कुठे काही झालं की आरडाओरडा करत धावत जाणारी. दुसरी, शत्रू कोण हे ओळखून शांतपणे काम करणारी. पहिल्या फार आणि दुसऱ्या कमी असतील तर लक्षण बरं नाही. मी म्हटलं, कळलं. अधिवेशनाच्या काळातली आमची लॉबी. खासदारांचे पीए शंभर आणि काउंटरवर मी एकटी. त्याने ते लिहून घेतलं. त्याशिवाय अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रथिन, ते कमी नको. आणि कॅन्सरची चाहूल देणारा तुझा लाडका मार्कर, सीए एकोणीस-नऊ, तो जास्त नको.

आम्ही दोघं मराठीत बोलतोय हे ऐकून बाकावर शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी मान वळवली. पांढऱ्या भरघोस मिशा, डोक्यावर लोकरीची माकडटोपी. ते डॉक्टरला म्हणाले, "ह्यो सीए म्हंजे आमचा रिटर्न भरतो तसला का?" ऋग्वेद म्हणाला, नाही काका, हा रक्तातला. "तरीच," ते म्हणाले, "आमचा सीए बी मार्च आला की असाच वाढवून आकडा सांगतो." मी हसले आणि माझे टाके दुखले. त्यांचं नाव खंडेराव. विट्याकडचे. करोल बागेत त्यांची गलाईची भट्टी आहे, म्हणजे जुने दागिने आटवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं काम. त्या धंद्यातली आपल्याकडची पुष्कळ माणसं तिकडे आहेत, हे दिल्लीत जन्म घालवून मला आत्ता कळलं. त्यांचंही हेच ऑपरेशन झालेलं, माझ्या आधी थोडे दिवस. ते ऋग्वेदला म्हणाले, "म्हंजे तुमी रक्ताचा कस लावताय तर! आमी सोन्याचा लावतो. फकस्त सोनं घाबरत न्हाई, येवढंच."

माझं अल्ब्युमिन कमी निघालं आणि आहारतज्ज्ञ बाईंनी अंड्याचा पांढरा भाग खायला सांगितला. आपल्या घरात अंडं फक्त तुझे बाबा खायचे, तेही मानेसरच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये, आणि मला माहीत नाही असं समजून. मी म्हटलं, मला जमणार नाही. पुढच्या वेळी खंडेराव घरून उकडलेली अंडी घेऊन आले, कागदात गुंडाळून, मिठाच्या पुडीसकट. म्हणाले, "डोळं मिटा आणि बटाटा समजा." मी रक्त घेण्याच्या रांगेत उभी राहून डोळे मिटून बटाटा खाल्ला. डोळे उघडले तर समोर प्रणिता. ती नवऱ्याची शुगर तपासायला आलेली. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर बातमी की वैजयंती एका मिशाळ माणसाच्या हातून अंडी खाते. हातून नव्हे गं, हातची. पण प्रणिताला कोण विभक्ती शिकवणार?

तेव्हापासून आमच्या दोघांच्या तपासण्या एकाच दिवशी यायला लागल्या. योगायोग म्हणावा तर ऋग्वेदच तारखा देत होता. रिपोर्ट आले की आम्ही कँटीनमध्ये चहा घेऊन बसायचो आणि एकमेकांचे आकडे बघायचो. त्यांचा उतरला की मला बरं वाटायचं. माझा उतरला की ते जिलबी मागवायचे आणि तेल-तूप वर्ज्य आहे हे आठवून शेजारच्या टेबलाला देऊन टाकायचे. मधल्या दिवसांत ते मेट्रोने अंडी घेऊन द्वारकेला यायचे. ब्लू लाइन सरळ येते, गाडी बदलावी लागत नाही, असं ते मला दर वेळी सांगायचे, जणू अंडी आणण्याचं कारण तेच होतं. त्यांची पत्नी कोविडच्या आधीच गेली. मुलगा जयेश भट्टी बघतो, सून अक्षया दुकानाचं बाकी सगळं बघते आणि सासऱ्यांनाही बघते. तू म्हणशील, आई, पत्र तुझं की खंडेरावांचं? थांब जरा. मी मुद्द्यावर येतेच आहे, फक्त मुद्दा लांब आहे.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवलेली आहे, ती आता सांगते. ऋग्वेदने त्या अभ्यासात सगळ्यांचे तीन गट केले होते. पहिला चांगला, दुसरा मधला, आणि तिसरा काय ते सांगायला नको. कुणाला कुठल्या गटात घातलंय हे तो सांगत नसे. पण ज्या बाईने मंत्र्यांच्या खाजगी सचिवांकडून खऱ्या तारखा काढून घेतल्या, तिच्यापुढे नागपूरचा तो पोरगा किती टिकणार? घरचा लाडू खाऊ घातला आणि सरळ विचारलं. तो लाडू हातात धरून बसला. खंडेराव पहिल्या गटात. मी तिसऱ्या. मग तोच मला समजवायला लागला, "काकू, हे शंभर माणसांबद्दल असतं. शंभरांचं बऱ्यापैकी बरोबर सांगता येतं. एकट्या तुमचं नाही. तिसऱ्या गटातलीही काही माणसं आमचे कागद खोटे पाडतात." मी विचारलं, "कोण ती?" तो म्हणाला, "ते रक्तात दिसलं असतं तर माझा अभ्यास संपला असता." मी त्याला लाडू खाऊन टाकायला सांगितलं. घरी येऊन रडले, खोटं का बोलू. मग भाकरी केली, कारण भूक लागली होती. तुला सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून इथे येऊन बसली असतीस, आणि आपण दोघी एकमेकींकडे बघत बसलो असतो. त्याने अल्ब्युमिन वाढत नाही.

आता या फेब्रुवारीचं. माझा आकडा चांगला आला, तो तुला सांगितला, तू श्वास सोडलास. त्याच दिवशी खंडेरावांचा आला तो एकदम कितीतरी पटीने वाढलेला. पहिल्या गटातला माणूस! ऋग्वेदने त्यांना लगेच स्कॅनला बोलावलं. ते गेले नाहीत. माझा फोन उचलला नाही. अंडी बंद. शेवटी ऋग्वेदचाच मला फोन, "काकू, मी हे तुम्हाला सांगायला नको, पण काका येतच नाहीयेत. तुमचं ऐकतील." जयेशला विचारलं तर म्हणाला, "काकू, बाबा म्हणतात मला झोपू द्या, आणि दार लावून घेतात." मी पर्स उचलली आणि मेट्रो गाठली.

करोल बागेत मोटारींच्या सीटकव्हरांच्या गल्लीतून वाट काढत पोचले. खाली भट्टी, वर घर. जिन्यातच अक्षया भेटली, डोळे रडून सुजलेले. वर गेले तर मार्चचं ऊन खिडकीत आणि हे गृहस्थ दोन रजया पांघरून कुडकुडतायत. पण आधी माझं लक्ष गेलं ते भिंतीला टेकवलेल्या त्यांच्याच मोठ्या फोटोकडे. चांगला फ्रेम केलेला, हार घालायला खिळासुद्धा ठोकून घेतलेला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बघा बाई, स्टुडिओवाल्यानं मिशा काळ्या केल्या. मी मेल्यावर लोकांना वाटंल जयेशचा फोटू हाय." मला हसू आणि संताप एकदमच आला. मी म्हटलं, "स्कॅनला का नाही गेलात?" तर म्हणाले, "आकडा आलाय न्हवं? आता कशाला पोरांना हेलपाटं. सोनं एकदा खोटं निघालं की पुन्यांदा कस लावत न्हाईत." मी म्हटलं, "आकड्याला काय म्हणायचंय ते तो म्हणेल. तुम्हाला ताप आहे की नाही ते मी बघते." आणि कपाळावर हात ठेवला. रसिका, बाबा गेल्यानंतर मी कुणा पुरुषाच्या कपाळाला हात लावलेला नव्हता. कपाळ तव्यासारखं तापलेलं होतं, आणि इतक्या जवळून त्यांचे डोळे दिसले. पिवळे. पिवळ्या डोळ्यांच्या बाबतीत आता मला कुणी शिकवायची गरज नाही.

मी जयेशला हाक मारली, अक्षयाला त्यांचे कपडे भरायला सांगितले, आणि खंडेरावांना म्हटलं, "उठा." ते म्हणाले, "मी उठणार न्हाई." मी म्हटलं, "मग मी इथेच बसते. मला दुपारी जेवायला लागतं आणि जेवण आळणी लागतं. अक्षयाला सांगा." ते उठले. पण मिशांच्या फोटोकडे बघत उठले, आणि गाडीत बसेपर्यंत मला ऐकवत होते की सदनातली सगळी माणसं अशीच अडेलतट्टू असतात काय.

झालं होतं असं की ऑपरेशनमध्ये जिथे आतडं जोडलं होतं तो सांधा आवळत आला होता. पित्त तुंबलं, त्यात जंतू वाढले, म्हणून थंडी-ताप, म्हणून डोळे पिवळे, आणि म्हणूनच आकडा वर. ऋग्वेद त्यांच्यावर इतका ओरडला की मला तो नागपूरचाच याची खात्री पटली. "काका, पित्त अडलं की हा मार्कर कॅन्सर नसतानाही चढतो. म्हणूनच या म्हणत होतो! आणखी दोन दिवस घरी राहिला असतात तर इन्फेक्शनच तुम्हाला घेऊन गेलं असतं." त्यांनी बरगड्यांमधून बारीक नळी घालून पित्त बाहेर काढलं, सांधा रुंद केला, औषधं दिली. ताप उतरला, डोळ्यांचा पिवळेपणा गेला, आकडा खाली आला. स्कॅनमध्ये सध्या तरी कुठे काही दिसत नाही. 'सध्या तरी' हे शब्द आमच्या दोघांच्याही पाठीला कायमचे चिकटलेत, पण माकडटोपीसारखी त्यांचीही सवय होते.

ताप उतरला त्या संध्याकाळी मी घरी निघाले आणि मेट्रोत बसून माझं स्टेशन कधी गेलं ते कळलंच नाही. लाइनच्या टोकाला सगळे उतरले तरी मी बसूनच. सफाईवाल्या बाईने विचारलं, "माताजी, घर नहीं जाना?" तो प्रश्न मी परतीच्या गाडीतून घरापर्यंत सोबत आणला. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन मी खंडेरावांना माझ्या तिसऱ्या गटाचं सांगितलं. आजवर त्यांनाही सांगितलं नव्हतं. त्यांनी नळीतून पिशवीत उतरणाऱ्या पित्ताकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे माझ्याच आधी तुमचा नंबर?" मी म्हटलं, कागदावर तरी तसंच आहे. तर म्हणाले, "आसं कसं? मी मोठा हाय तुमच्यापेक्षा. आणि माझा सांधा बी गंजलाय." मग आमचं भांडणच लागलं. आपला काही भरवसा नाही, हे ते मला पटवत होते. माझा त्यांच्याहूनही कमी, हे मी त्यांना. शेजारच्या खाटेवरचे पंजाबी सरदारजी मराठी न कळता इकडून तिकडे मान वळवत होते. शेवटी त्यांनी नर्सला विचारलं, "ये दोनों हसबंड-वाइफ हैं?" नर्स म्हणाली, "नहीं जी." सरदारजी म्हणाले, "तो फिर लड़ क्यों रहे हैं?" तुझ्या आजीने माझी पत्रिका जुळवायला काय काय केलं होतं! छत्तीस गुणांपैकी किती जमले ते ती मरेपर्यंत सांगत होती. इथे दोघांचे रिपोर्ट समोर होते, एकही गुण जुळत नव्हता, आणि मला ते अजिबात खटकत नव्हतं. मग मीच विचारलं. हो, मीच. त्यांना विचारायला आणखी एक तपासणी लागली असती.

तर हे 'बाकी सब'. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं रजिस्ट्रारच्या कचेरीत अर्ज देऊन आलो. तिथे बोर्डावर नोटीस लागली आहे, आमच्या दोघांच्या नावांची, वयांसकट. या लग्नाला कुणाची हरकत असेल तर महिनाभरात लेखी कळवावी, असं त्यात लिहिलंय. खंडेराव रोज जाऊन बघून येतात की कुणी हरकत घेतली का, आणि कुणीच घेत नाही म्हणून जरा नाराजही आहेत. बाबांचा फोटो आहे तिथेच राहणार आहे, ते मी आधीच सांगून टाकलंय. किती दिवसांचा हा संसार, ते मला माहीत नाही, ऋग्वेदला माहीत नाही, त्याच्या तिन्ही गटांना माहीत नाही. पण आहेत त्या दिवसांत सकाळचा चहा मला एकटीला प्यायचा नाहीये. मला भीती फक्त तुझी वाटते. तुला हरकत असेल तर लेखी नको, फोनवर तर मुळीच नको. विमानात बस, इथे ये, माझ्यासमोर बसून हवं तेवढं भांड. मी ऐकून घेईन. आणि नसेल, तर सहीला तीन साक्षीदार लागतात. जयेश आणि अक्षया तयार आहेत. उरलेली एक जागा प्रणिता दोनदा मागून गेली. मी तिला सांगितलं, ती माझ्या लेकीची आहे.

तुझीच,
आई